प्रो म्हणजे पुढे

आमच्या शाळेच्या ऑफिसात दरवर्षीचे स्टाफचे फोटो ओळीने लावलेत. त्यातल्या बहुतेक फोटोंत भूगोलाचे सर नाहीत. म्हणजे आहेत, पण दिसत नाहीत. एका फोटोत त्यांचा कान आहे, एकात नुसती चप्पल. कारण त्यांच्यापुढे इंग्रजीचे सर उभे आहेत. "उंच लोकं मागे, उंच लोकं मागे" म्हणून फोटोग्राफरने घसा कोरडा केला तरी इंग्रजीचे सर ऐन वेळी एक पाऊल पुढे सरकायचे आणि मागच्या तिघांना आपल्या देहाने झाकून टाकायचे. भूगोलाचे सर एकदा वैतागून म्हणाले, "मी या शाळेत नोकरी केली याला पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक कान आहे."

यावर इंग्रजीच्या सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी तुम्हाला प्रोटेक्ट करत होतो."

"फोटोपासून?"

"सवय ठेवावी लागते," सर म्हणायचे आणि विषय संपायचा.

मी या शाळेत विज्ञान शिकवायला लागले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचाच हिशेब, आणि मे महिना लागला की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. नेऱ्याहून सकाळची एसटी पकडून पनवेलला यायचं आणि दुपारी परत. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तर समोर एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले. बगलेत काळी छत्री, हातात विटेसारखं काहीतरी. ती वीट म्हणजे त्यांचा मोबाइल होता. त्याला एकावर एक तीन कव्हरं होती आणि काचेवर इतक्या काचा चढवलेल्या की आकडा दाबायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लावावा लागे. आतली रिंग बाहेर ऐकू येत नसे. बाहेरचं आत जात असेल की नाही, याचीही शंकाच होती.

"मॅडम, प्रोटेक्ट म्हणजे काय?" ना नाव, ना गाव, थेट प्रश्न.

"रक्षण करणे," मी म्हटलं.

"ते गाइडात असतं. खरं काय?"

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उचललं. "हे मी वरून ठेवलं, तर झाला डबा. आता बघा." त्यांनी झाकण डब्यापुढे आडवं धरलं, माझ्या आणि माझ्याच भाजीच्या मध्ये. "मूळ लॅटिन. प्रो म्हणजे पुढे. तेगेरे म्हणजे झाकणे. पुढे उभं राहून झाकणे! कुलूप लावणे म्हणजे प्रोटेक्ट नाही. पोलिसात कळवणे म्हणजे प्रोटेक्ट नाही. जे यायचंय ते आणि ज्याच्यावर यायचंय तो, या दोघांच्या मधे कोणीतरी उभं राहायला लागतं. कळलं?"

कळलं म्हटल्याशिवाय भाजी परत मिळणार नव्हती. मी कळलं म्हटलं.

मुलं त्यांना झाकण सर म्हणत. मुंबईकडे झाकण म्हणतात ते बावळटाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. सरांच्या कानावर ते नाव गेलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. "मुलांना मूळ धातू सापडला," असं ते कौतुकाने सांगायचे. त्यांचं म्हणणं, हा शब्द एकटा नाही, त्याला मोठं गोत आहे. बाथरूममधली टाइल त्याच घरातली, कारण मुळात ती छपरावरचं कौल. संस्कृतात स्थग् म्हणजे झाकणे, तो लांबचा चुलता, आणि आपल्या सभा वारंवार स्थगित होतात ती त्याचीच कृपा. डिटेक्ट म्हणजे झाकण काढणे. यावर ते आवाज खाली आणून म्हणायचे, "आपले मुख्याध्यापक डिटेक्टिव्ह आहेत." हे मात्र सोळा आणे खरं होतं. मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत हात मागे बांधून स्टाफरूममध्ये फेरी मारायचे आणि "आज काय आणलंय?" म्हणत एकेक डबा उघडून बघायचे. माझ्या सुकटीची त्यांनी अशीच दोनदा चौकशी लावली होती.

सरांचा शब्दकोश तर पाहण्यासारखा. त्याला खाकी कव्हर, त्यावर जुन्या कॅलेंडरचं, त्यावर प्लास्टिकचं, त्यावर पुन्हा खाकी. कोश कोणाचा, कधीचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आत शब्दकोश आहे'.

पण खरी गंमत छत्रीची. पनवेलचा पाऊस डोक्यावर पडत नाही. तो खाडीकडून वारा घेऊन आडवा तोंडावर येतो, आणि उरलासुरला डंपरच्या चाकाखालून येतो. इतर माणसं हे ओळखून रेनकोट घेतात. सर छत्री ढालीसारखी नाकासमोर धरून चालत. समोरचं काही दिसायचं नाही. त्या छत्रीने त्यांनी रिक्षावाले ढकललेत, भाजीवाल्या ढकलल्यात, एकदा तर भर चौकात ट्रॅफिक पोलिसाला शिट्टीसकट दुकानाच्या पायरीवर बसवलं. शाळेत पोचायचे तेव्हा पुढून इस्त्री जशीच्या तशी आणि मागून मानेपासून टाचेपर्यंत चिंब. "सर, पाठ भिजली," कोणी म्हटलं तर शांतपणे सांगायचे, "पाठ त्या शब्दात येत नाही."

त्यांचं आणि अख्ख्या मराठी समाजाचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. आपल्याकडे जो तो म्हणतो, मी तुमच्या पाठीशी आहे. मुख्याध्यापक भाषणात हे वाक्य मिठासारखं वापरायचे. ते आलं की मागच्या खुर्चीवरून हमखास आवाज यायचा, "पुढे कोण आहे?" मुख्याध्यापक न ऐकल्यासारखं करायचे. सर पुन्हा विचारायचे. एकदा मी म्हटलं, "सर, देवसुद्धा पाठीशीच असतो की." तर म्हणाले, "देवाला चालतं. त्याला उंची आहे, तो मागून पण दिसतो. मुख्याध्यापकांचं तसं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गंमत बघा मॅडम. दुसऱ्याला पाठीशी घालायचं तर आपल्याला पुढे यावं लागतं. त्याला आपण दोष म्हणतो. पाठीशी उभं राहायचं तर मागेच थांबावं लागतं. त्याला आपण टाळ्या वाजवतो."

मी हे घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माणूस बरा हाय, पन त्याच्या बायकोचं कसं व्हत असंल?" सरांनी लग्न केलं नव्हतं. करते तर अंतरपाट स्वतःच धरून उभे राहिले असते, असं भूगोलाच्या सरांचं मत होतं.

अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर शाळेत विज्ञानाची एक जागा कायम भरायची होती. संस्थेची सभा महिनाअखेरीला होती आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव पुढे धाडलं होतं. मला ती जागा हवी होती. दरवर्षी मे महिन्यात बेकार होऊन जूनमध्ये पुन्हा कोणाच्या तरी दारात उभं राहायचा मला कंटाळा आला होता. शिवाय आईने धीर न धरवून नेऱ्यात पेढे आधीच वाटले होते. आता जागा नाही मिळाली तर ते पेढे परत मागता येणार नव्हते.

आणि नेमकं तेव्हाच विज्ञान प्रदर्शन आलं.

उद्घाटनाला संस्थेचे उपाध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका भाऊ म्हणतो, ते आले. खाडीकडच्या गावचे, मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे. पांढरा कडक कपडा, मागे दहा-बारा कार्यकर्ते, प्रत्येकाच्या हातात फोन. माझ्या वर्गाच्या टेबलावर दोन प्रयोग होते. एक हळदीचा, हळदीला साबण लागला की ती लाल होते हे दाखवणारा. दुसरा हवेच्या दाबाचा. मोठ्या बाटलीत पाणी, बुचातून एक नळी, आणि सायकलच्या पंपाने हवा भरली की नळीतून कारंजं. पाणी नीट दिसावं म्हणून मी त्यात शेजारचीच हळद कालवली होती. घरची हळद, रंगाला पक्की.

भाऊंना पंप फार आवडला. "मी मारू?" म्हणाले आणि कोणी हो म्हणायच्या आत सुरू झाले. कारंजं उडालं, टाळ्या पडल्या. भाऊंना जोर आला.

"बास भाऊ," मी म्हटलं.

"अजून, भाऊ, अजून!" मागून कार्यकर्ते ओरडले.

भाऊंनी अजून मारला. बूच उडालं. बाटलीतली सगळी हळद एका दमात भाऊंच्या छातीवर आली, आणि भाऊ मानेपासून गुडघ्यापर्यंत पिवळेधमक झाले.

आगरी-कोळ्यांच्या मुलखात हळद लागलेला माणूस बघून जे डोक्यात यायचं तेच आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, हळद लागली तुमाला! वरात कवा?" पोरं फिसकन हसली. तरी हे तिथेच मिटलं असतं. पण मुख्याध्यापक धावले. बेसिनवरचा साबण ओला करून ते "क्षणात काढतो, क्षणात काढतो" म्हणत भाऊंच्या छातीवर घासू लागले.

"साबण नको!" मी ओरडले. माझ्या टेबलावर हाच प्रयोग मांडलेला होता, मोठ्या अक्षरांत पाटी होती, पण विज्ञान वाचायला वेळ कोणाला? मुख्याध्यापक घासत गेले आणि भाऊंची छाती लालभडक होत गेली. शाळेच्या मावशी हातात हार घेऊन आल्या, त्यांनी तेवढंच पाहिलं आणि किंकाळी फोडली, "अगं आई, रगात!"

मग काय विचारता. दोघांनी भाऊंचे पाय धरले, दोघांनी काखेत हात घातले. "अरे सोडा! मला काय नाय झालेला!" भाऊ आडवे होऊन ओरडत होते. त्यांना तसंच उचलून गाडीत घातलं. संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळ्या पनवेलच्या फोनवर फिरलं. नेऱ्यात आईलाही आलं. "यात तुजा आवाज हाय," ती म्हणाली, आणि तिला पेढे आठवले असावेत, कारण मग ती बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, भाऊ येतायत. फार तापलेत. तुम्हाला आजच बंद करा म्हणाले." मी बोलायला तोंड उघडलं. मुख्याध्यापकांनी हात वर करून मला थांबवलं. "काळजी करू नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

"आहोत, आहोत," सगळे म्हणाले.

आणि जिन्यावर पावलं वाजली तसे सगळे खरोखरच माझ्या पाठीशी गेले. मी वळून पाहिलं. मराठीच्या बाई कपाटापाशी, भूगोलाचे सर गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे, आणि मुख्याध्यापक सगळ्यांच्या पलीकडे, खिडकीशी. स्टाफरूमच्या मधोमध मी एकटी.

भाऊ दारात आले. "कुठं हाय ती मॅडम?"

हे विचारायची काही गरज नव्हती. माझ्याशिवाय दिसत कोणीच नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीचा आवाज झाला. इंग्रजीचे सर उठले, सावकाश चालत आले आणि माझ्या आणि भाऊंच्या मधे उभे राहिले. मग त्यांनी छत्री उघडली आणि समोर धरली.

भाऊ जरा बघतच राहिले. "ओ सर, छत्री कशाला? पाऊस हाय का इथं?"

"पाऊस नाही," सर म्हणाले. "तुम्ही आहात."

मागे कोणाचा तरी नकाशा खाली पडला.

"बाजूला व्हा. मला मॅडमशी बोलायचंय." भाऊंनी डावीकडून वाकून पाहिलं. छत्री डावीकडे गेली. भाऊ उजवीकडे झाले. छत्री उजवीकडे. असं बराच वेळ चाललं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघे नाचाचा सराव करतायत.

"तुमी मधे कोन?" भाऊ कडाडले.

"प्रो म्हणजे पुढे," सरांनी सुरू केलं. "तेगेरे म्हणजे झाकणे."

"मला शिकवू नका!"

"बरं. मग माझ्याशी बोला. मॅडम मागे आहेत, मी पुढे आहे. जे काय टाकायचंय ते आधी माझ्यावर."

"सर, गाव मला हसतोय!" भाऊंचा आवाज एकदम चिरकला. राग होता, पण राग खालून फाटलेला होता. "लोकं मला नवरदेव बोलतात. काल रातच्याला माजा नातू मला ते दाखवून हसत व्हता. माजा नातू! आमी जे काय कमावलं, सगला त्या बाटलीत गेला."

छत्री मात्र खाली आली नाही. छत्रीच्या आडूनच त्यांनी विचारलं, "भाऊ, काल तुमच्यापुढे कोण होतं?"

"म्हंजे?"

"हळद उडाली तेव्हा. लोक हसले तेव्हा. तुमच्यापुढे कोण उभं राहिलं?"

भाऊंचं डावं-उजवं थांबलं.

"मी ते चित्रण पाहिलं. आधी नीट दिसलं नाही, म्हणून फोनच्या दोन काचा काढून पाहिलं. एवढी तुमची माणसं, सगळी तुमच्या पाठीशी होती. पाठीशी उभं राहूनच त्यांनी ते काढलंय. तुमच्या पुढे येऊन कोणी नुसता टॉवेल धरला असता तरी काही दिसलं नसतं." सरांनी श्वास घेतला. "मी वरच्या मजल्यावर पेपर तपासत होतो. खाली असतो तर ही छत्री तुमच्यापुढे धरली असती."

दारात भाऊंच्या मागे दोन कार्यकर्ते उभे होते. भाऊंनी हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एकाने फोन खिशात घातला.

समोरच्यांना हे सगळं असं दिसलं. मला मात्र काहीतरी वेगळंच दिसत होतं, कारण मी मागे होते. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता, ऐन जानेवारीत घामाने चिंब. त्यांचे गुडघे लटपटत होते. एक टाच सारखी जमिनीवरून उचलली जात होती आणि ते ती पुन्हा खाली दाबत होते. छत्रीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला एकदम रडू आलं.

भाऊ खुर्ची ओढून बसले. पाणी मागितलं. मावशींनी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर भाऊंनी छत्रीला उद्देशून विचारलं, "त्यो डाग जाईल का पन? परीट नाय बोलला."

"जाईल भाऊ," मी छत्रीमागून म्हटलं. "लिंबू पिळा, म्हणजे लाल जाईल. मग धुऊन चांगलं कडक उन्हात टाका. हळद उन्हाला टिकत नाही. फक्त साबण नको."

"कोन लावला साबन?" भाऊंनी विचारलं.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मुख्याध्यापक बाहेरचं झाड निरखत होते.

डाग उन्हात गेला. महिनाअखेरीच्या सभेत माझी जागा कायम झाली आणि आईने पुन्हा पेढे वाटले, कारण पहिले फुकट गेले असं ती धरून चालली होती. भाऊंवर मात्र सरांचा कायमचा परिणाम झाला. पुढच्या प्रत्येक भाषणात ते छातीवर हात ठेवून सांगू लागले, "मी तुमच्या पुढं हाय!" त्या वर्षी स्टाफच्या फोटोला तेही आले आणि सरांच्या शेजारी एक पाऊल पुढे येऊन उभे राहिले. त्या फोटोत फक्त ते दोघे आहेत. बाकी शाळा त्यांच्या मागे असावी.

सर आता निवृत्त होऊन विचुंब्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये राहतात. मी अधूनमधून जाते. दाराला दार, त्याला जाळी, जाळीला पडदा. चहाच्या कपावर बशी पालथी घालून देतात.

मध्यंतरी शाळेत एक नवीन मुलगी लागली, गणिताला. तीही तासिकेवर. वर्गात तिने एका मुलाचा फोन काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील चार माणसं घेऊन स्टाफरूममध्ये आले. "कोण ती? समोर आणा!" मी खुर्चीतून उठले कधी ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्यापुढे उभी होते आणि ते गृहस्थ माझ्या नाकापुढे बोट नाचवत होते. काय बोलले ते आठवत नाही. पायांतली थरथर तेवढी आठवते. बराच वेळ बोलून ते गेले.

मी हे सरांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही लॅटिन आणलं नाही.

"छत्री होती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नव्हती, सर. राहिलीच. नुसतीच उभी राहिले."

मला वाटलं, आता चूक काढणार. सरांनी माझ्या कपावरची बशी उचलली, चहा माझ्यापुढे सरकवला आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे बघत म्हणाले, "छत्री त्या शब्दात नाहीच आहे, मॅडम. ती मी आपली भीती वाटते म्हणून धरतो."